लेखाशीर्ष 2056 मध्ये एक ओळ हवी

प्रति,
मा. गृहमंत्री आणि मा. अर्थमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



सरकारी हिशेबात 2055 हे लेखाशीर्ष पोलिसांचं, 2056 तुरुंगांचं आणि 2235 सामाजिक सुरक्षा व कल्याणाचं. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत या शीर्षांखाली पगार असतात, कैद्यांचं रेशन असतं, औषधं, गणवेश, गाड्यांचं इंधन असतं. तुरुंगात, पोलीस कोठडीत किंवा मुलांच्या निरीक्षणगृहात कुणावर लैंगिक अत्याचार होऊ नये, एवढ्याच कामासाठी राखलेली रक्कम मात्र मला त्यांत सापडली नाही. ती असेल तर येत्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवावी, मी जाहीर आभार मानीन. नसेल तर ती घालावी, एवढीच या पत्राची मागणी आहे. बाकी सगळं तिच्या समर्थनार्थ.

मी पुण्यात कायदा शिकले, काही वर्षं वकिली केली आणि आता नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानमध्ये, तोक्यो आणि योकोहामाच्या मधल्या कावासाकी शहरात राहते. परदेशात बसून मायदेशाला सल्ले देणाऱ्यांचा आपल्याकडे राग येतो आणि तो रास्त आहे. म्हणून जपानची गोष्ट मी नंतर सांगणार आहे. आधी आपली, कारण या विषयात महाराष्ट्राला कुणाकडून कल्पना उसनी घ्यावी लागत नाही. ज्या कल्पना आपण चार दशकांपूर्वी जगाला दाखवू शकलो असतो, त्यांना आपण पैसे दिले नाहीत, एवढंच झालं आहे.

पत्र खुलं लिहिण्यालाही महाराष्ट्रातलाच दाखला आहे. 16 सप्टेंबर 1979 रोजी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. धागमवार आणि केळकर पुणे विद्यापीठातले. विषय होता मथुरा प्रकरण. 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात (तेव्हा जिल्हा चंद्रपूर, आज गडचिरोली) मथुरा ही चौदा ते सोळा वर्षांची आदिवासी मुलगी तक्रारीच्या निमित्ताने आणली गेली होती. घरची माणसं बाहेर थांबलेली असताना तिला आत ठेवून घेतलं गेलं आणि दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केल्याचा आरोप झाला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने 1974 मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 1978 मध्ये पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, हे त्या निकालाचं एक मोठं कारण. पोलीस ठाण्यात रात्री दोन पोलिसांसमोर उभ्या असलेल्या मुलीने किती प्रतिकार करायला हवा होता, याचं उत्तर न्यायालयाने दिलं नाही. पत्रलेखकांनी नेमकं तेच विचारलं. 1980 च्या सुरुवातीला मुंबईत बायका रस्त्यावर आल्या, पुढे देशभर निदर्शनं झाली आणि 1983 मध्ये कायदा बदलला. ताब्यात असलेल्या स्त्रीवरचा बलात्कार हा जास्त शिक्षेचा, वेगळा गुन्हा ठरला आणि अशा खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयाने तसंच गृहीत धरावं, असं 114-अ हे कलम पुराव्याच्या कायद्यात आलं.

हा विजय मोठा होता, पण तो घटना घडून गेल्यानंतरचा होता. कायद्याने शिक्षा वाढवली. देसाईगंजच्या ठाण्यात त्या रात्री कोणी तिसरं माणूस असावं, याची सोय त्यात नव्हती.

ती सोय त्याच वर्षी वेगळ्या वाटेने आली होती. शीला बारसे या पत्रकार बाईंनी मे 1982 मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा स्त्री-कैद्यांशी बोलून घेतलं. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. निर्मला निकेतनच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन त्या स्त्रियांशी बोलून अहवाल द्यायला सांगितलं. 15 फेब्रुवारी 1983 च्या निकालात न्या. भगवती यांनी घातलेले आदेश आज पुन्हा वाचावेत असे आहेत. मुंबईत चार-पाच कोठड्या फक्त स्त्रियांसाठी ठेवा, तिथे पहारा महिला पोलिसांचाच असू द्या. चौकशी महिला अधिकाऱ्याच्या उपस्थितीतच करा. अटक झालेल्या माणसाचे हक्क इंग्रजी, हिंदी आणि मराठीत लिहून प्रत्येक कोठडीत लावा. आणि शहर सत्र न्यायालयाच्या एका न्यायाधीशाने, शक्यतो महिला न्यायाधीशाने, शहरातल्या कोठड्यांना अधूनमधून न कळवता भेट द्यावी.

न कळवता येणारं बाहेरचं माणूस. बंदिस्त जागेतला लैंगिक अत्याचार थांबवणारी जगभरची जी काही रीत आहे, तिचं सार एवढंच आहे. ती मुंबईसाठी 1983 मध्येच कागदावर आली. पण ज्या न्यायाधीशाने ही भेट द्यायची त्याच्याकडे आधीच शेकडो खटले. त्या कामाला वेगळं पद नाही, कारकून नाही, गाडी नाही, अहवाल कुठे छापायचा याचा नियम नाही. फुकटात सांगितलेलं काम सरकारी यंत्रणेत किती दिवस टिकतं, हे मंत्रिमहोदयांना मी सांगायला नको. गेल्या पाच वर्षांत मुंबईतल्या किती कोठड्यांना अशी भेट झाली आणि तिचे अहवाल कुठे आहेत, एवढं जाहीर केलंत तरी बरंच कळेल.

आता भायखळ्याकडे येते.

23 जून 2017 रोजी भायखळ्याच्या महिला कारागृहातल्या एका बंदीचा मृत्यू झाला. ती येरवड्याहून तिथे आलेली, चांगल्या वर्तणुकीमुळे वॉर्डर नेमलेली. तिचं नाव तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं, मी ते इथे घेत नाही. फिर्यादीप्रमाणे भांडण सुरू झालं ते बराकीच्या रेशनातली दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले म्हणून. तुरुंगातल्या महिला कर्मचाऱ्यांनी तिला मारलं आणि दंडुक्याने तिच्यावर लैंगिक अत्याचार केला, असं बराकीतल्या बायकांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या बायका गच्चीवर चढल्या, कागद पेटवले, घोषणा दिल्या. पोलिसांनी दोनशेहून अधिक कैदी स्त्रियांवर दंगलीचा गुन्हा नोंदवला. नंतर तुरुंगाच्या सहा महिला अधिकारी-कर्मचाऱ्यांना खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली आणि खटला सत्र न्यायालयात गेला. दोषी कोण हे न्यायालय ठरवील, मी त्यात पडत नाही.

मला दोनच गोष्टी दाखवायच्या आहेत. पहिली अशी की 1983 च्या आदेशाने कोठड्यांसाठी सांगितलेल्या वेगळ्या जागेच्या आणि महिला पहाऱ्याच्या अटी इथे तुरुंगातही पूर्ण होत्या. स्त्रियांचा स्वतंत्र तुरुंग होता, पहारा बायकांचाच होता. त्यामुळे 'महिला कर्मचारी नेमल्या की प्रश्न संपला' हे आपलं आवडतं उत्तर भायखळ्यात निकालात निघालं. बाईच्या हातात दंडुका आणि समोर जिचं कुणी ऐकणार नाही अशी बाई, एवढं पुरेसं असतं. दुसरी गोष्ट अशी की या बायकांकडे आवाज बाहेर पोचवायला गच्चीशिवाय दुसरी जागा नव्हती. तक्रारपेटीची किल्ली ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच कचेरीत असते. मुलाखतीला आलेल्या नातेवाइकाला सांगावं, तर पलीकडे शिपाई उभा. आणि परत जायचं त्याच बराकीत.

कायद्यातही एक मोठं भगदाड आहे. भारतीय न्याय संहितेतली बलात्काराची व्याख्या आरोपी पुरुष आणि पीडित स्त्री असेल तरच लागू होते. भायखळ्यासारखा आरोप स्त्री-कर्मचाऱ्यांवर असेल तर तो त्या व्याख्येत बसत नाही. पुरुष कैद्यावर दुसऱ्या पुरुषाने अत्याचार केला तर पूर्वी निदान 377 कलम होतं. 1 जुलै 2024 पासून नवी संहिता आली आणि ते पूर्णच गेलं. संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांना त्या कलमातून 2018 मध्येच सोडवलं होतं, ते योग्यच झालं. पण त्याचबरोबर बळजबरीचा उरलेला भागही टाकून दिला गेला. आज आर्थर रोडच्या किंवा तळोज्याच्या बराकीतल्या वीस वर्षांच्या कच्च्या कैद्यावर बलात्कार झाला तर पोलिसांनी मारहाणीची कलमं लावायची. तृतीयपंथी व्यक्तीसाठी 2019 चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षं. नागपूर मध्यवर्ती कारागृहात पुरुषांमध्ये ठेवलेल्या तृतीयपंथी बंदीच्या अशा तक्रारीच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. जानेवारी 2022 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना सूचनापत्र पाठवलं की तृतीयपंथी कैद्यांची वेगळी, सुरक्षित सोय करा. सूचनापत्राबरोबर चेक आला नव्हता.

संहिता बदलणं दिल्लीचं काम आहे, हे मला कळतं. म्हणूनच तर मी तुमच्याकडे कायदा मागत नाही. कायदा आपण करून पाहिला. डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळाने स्त्रिया आणि मुलांवरच्या अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक मंजूर केलं, फाशीपर्यंतच्या शिक्षा त्यात होत्या, राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली नाही. शिक्षेची भाषा सभागृहात टाळ्या घेते. बराकीच्या पाहणीला टाळ्या पडत नाहीत.

तुमचे अधिकारी आता म्हणतील की असे प्रकार फार थोडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2017 ते 2022 या सहा वर्षांत देशभरात ताब्यातल्या स्त्रियांवरच्या बलात्काराचे 275 गुन्हे नोंदले गेले. 2017 मध्ये 89 होते, 2022 मध्ये 24 वर आले. आकडा असा घसरतो तेव्हा समाधान वाटण्याआधी विचारावं लागतं की नोंदवतं कोण. गुन्हा नोंदवणारा आणि कोठडीचा मालक एकच खातं आहे. शिवाय या आकड्यांत पुरुष कैदी मुळातच येत नाहीत.

दुसऱ्या पद्धतीने मोजलं तर काय होतं ते अमेरिकेत दिसलं. तिथे 2003 मध्ये तुरुंगातल्या बलात्काराविरुद्ध कायदा झाला, दोन्ही पक्षांनी एकमताने केला. त्यात सक्ती होती की सरकारने कैद्यांना निनावी विचारून सर्वेक्षण करावं. 2011-12 च्या पाहणीत तुरुंगातल्या चार टक्के कैद्यांनी सांगितलं की गेल्या वर्षभरात आपल्यावर लैंगिक अत्याचार झाला. बालगुन्हेगारांच्या संस्थांत ते प्रमाण साडेनऊ टक्के निघालं. हे टक्के उचलून आपल्याकडच्या 2022 मधल्या पावणेसहा लाख कैद्यांना लावता येणार नाहीत. पण पावणेसहा लाख माणसांत वर्षाला 24 आणि तेही फक्त स्त्रिया, हा आकडा खरा मानायला फार मोठी श्रद्धा लागेल.

त्या कायद्याची ताकद पैशात होती. 2004 ते 2010 या काळात राज्यांना अनुदान म्हणून दरवर्षी चार कोटी डॉलरपर्यंत खर्चाची त्यात तरतूद होती. 2012 मध्ये नियमावली आली: प्रत्येक तुरुंगाचं तीन वर्षांतून एकदा बाहेरच्या तपासनिसाकडून ऑडिट, आत येणाऱ्या प्रत्येक कैद्याची धोका ओळखण्यासाठी पाहणी, तक्रारीसाठी तुरुंगाबाहेरच्या यंत्रणेचा एक मार्ग. नियम न पाळणाऱ्या राज्याच्या ठरावीक केंद्रीय अनुदानातून पाच टक्के कापले जातात. यानेही सगळं सुधारलं नाही. कॅलिफोर्नियातल्या डब्लिनच्या महिला तुरुंगात कैदी स्त्रियांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल खुद्द वॉर्डनच दोषी ठरला, 2022 मध्ये. सरकारला 103 स्त्रियांना मिळून सुमारे साडेअकरा कोटी डॉलर भरपाई देण्याची तडजोड करावी लागली. अर्थमंत्र्यांनी हा आकडा टिपून ठेवावा. आणि एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने शेकडो अनुदानं एका फटक्यात रद्द केली, त्यांत या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी प्रशिक्षण देणारं केंद्रही होतं. कायदा पुस्तकात तसाच आहे. आपल्याला तो प्रकार ओळखीचा वाटेल.

आता देशातलं उदाहरण, आणि त्यातली माणसं मुंबईची. 2017 मध्ये बिहार सरकारने टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' या चमूला पैसे देऊन राज्यातल्या निवारागृहांचं सामाजिक ऑडिट करायला सांगितलं. त्यांनी 110 संस्था पाहिल्या. त्यांची पद्धत साधी होती. मुलांशी, मुलींशी, बायकांशी बोलत बसायचं, संस्थाचालकाला खोलीबाहेर ठेवून. एप्रिल 2018 मध्ये अहवाल सरकारला मिळाला. मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातला प्रकार त्यातून बाहेर आला: तीसहून अधिक मुलींवर अत्याचार झाल्याचं निष्पन्न झालं, आणि 2020 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने संस्थाचालकाला जन्मठेप दिली. या बालिकागृहाला सरकारी अधिकाऱ्यांच्या भेटी आधीही होत होत्या. रजिस्टरवर शेरे होते. फरक पडला तो ज्यांना मुलींशी बोलायचेच पैसे मिळत होते अशी बाहेरची माणसं आल्यावर. अहवाल हातात आल्यावर गुन्हा नोंदवायला महिन्याहून जास्त वेळ का लागला, हा वेगळा प्रश्न. तरीही पैसा सरकारचा आणि डोळे परके, ही जोडी काय करू शकते ते बिहारने दाखवलं. हे काम करायला बिहारला माणसं मुंबईहून न्यावी लागली आणि मुंबई मात्र आपल्या तुरुंगांसाठी ती कायमची नेमत नाही.

कावासाकीकडे वळते. हे शहर मुंबईच्या जुन्या गिरणगावासारखं कामगारांचं, कारखान्यांचं. 1988 मध्ये जपानला हादरवणारं रिक्रूट प्रकरण इथेच फुटलं: स्टेशनजवळच्या पुनर्विकासाच्या संदर्भात शहराच्या उपमहापौरांपर्यंत रिक्रूट कंपनीच्या समूहातले शेअर पोचल्याचं पत्रकारांनी बाहेर काढलं. पुढच्या वर्षी पंतप्रधान ताकेशिता यांनाही जावं लागलं. शहराची लाज गेली होती. नोव्हेंबर 1990 मध्ये कावासाकीने नागरिकांचा ओम्बुड्समन, म्हणजे तक्रारींची स्वतंत्रपणे चौकशी करणारा अधिकारी, नेमला, जपानमधल्या नगरपालिकांत पहिला. डिसेंबर 2000 मध्ये मुलांच्या हक्कांचा नगरपालिकेचा कायदा केला आणि 2002 पासून मुलं आणि स्त्री-पुरुष समानता यांसाठी वेगळा मानवाधिकार ओम्बुड्सपर्सन आहे. माझ्या मुलीच्या दप्तरात शाळेने दिलेलं एक कार्ड असतं, त्यावर फुकट फोन करायचा क्रमांक. हा फोन शाळेत वाजत नाही, मुख्याध्यापकाच्या टेबलावर तर नाहीच. सगळं नगरपालिकेच्या पैशातून.

हे ओम्बुड्समन तुरुंगात जाऊ शकत नाहीत, तुरुंग इथे केंद्र सरकारचे. तुरुंगांसाठी जपानला आपली वेगळी लाज अनुभवावी लागली. नागोयाच्या तुरुंगात डिसेंबर 2001 मध्ये रक्षकांनी एका कैद्याच्या उघड्या पार्श्वभागावर उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा मारला, तो मेला. पुढच्या वर्षी चामडी पट्टा आवळून आणखी एक मेला. त्यातून 2005 चा नवा तुरुंग कायदा आला आणि प्रत्येक तुरुंगाला बाहेरच्या दहापर्यंत सदस्यांची भेट समिती मिळाली: वकील, डॉक्टर, आसपासचे रहिवासी. समितीचे सदस्य कैद्याला रक्षकांशिवाय भेटू शकतात. समितीने काय सुचवलं आणि तुरुंगाने काय केलं, याचा सारांश न्याय मंत्रालय दरवर्षी प्रसिद्ध करतं. 2007 पासून पोलीस कोठड्यांसाठीही प्रत्येक प्रांतात अशी समिती आहे. म्हणजे कावासाकीच्या पोलीस ठाण्यातली कोठडीसुद्धा कानागावा प्रांताच्या समितीच्या कक्षेत येते.

जपानचे गोडवे गायला मी बसलेले नाही. आरोपपत्राआधी माणसाला तेवीस दिवसांपर्यंत पोलीस कोठडीत ठेवण्याची इथली रीत कुठल्याही वकिलाला अस्वस्थ करील. आणि त्याच नागोयात, समिती असतानाही, 2021-22 मध्ये बावीस रक्षकांनी कैद्यांना मारहाण केल्याचं उघड झालं. वर्षातून काही वेळा येणारे हौशी, अर्धवेळ सदस्य पुरत नाहीत, हे त्यातून कळतं. म्हणून मी पूर्णवेळ, पगारी माणसं मागते आहे. आपल्याकडेही तुरुंगांना अशासकीय अभ्यागत असतात. त्यांतल्या कित्येक नेमणुका कार्यकर्त्यांचं समाधान करण्यासाठी होतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

पैशाचं बोलू. 2013 च्या अर्थसंकल्पात केंद्राने महिलांच्या सुरक्षेसाठी एक हजार कोटींचा निर्भया निधी केला. त्यातून मुंबई पोलिसांनी जून 2022 मध्ये सुमारे तीस कोटी खर्चून गाड्या घेतल्या, त्यांत 220 बोलेरो होत्या, आणि या बोलेरोंपैकी 47 सत्ताधारी आमदार-खासदारांच्या संरक्षणाला गेल्याची बातमी त्या डिसेंबरात आली. काही परतही आल्या म्हणे. मला राजकारण करायचं नाही, हिशेब करायचा आहे. वकील, समाजकार्यकर्ते, समुपदेशक अशी तीस माणसं महिना एक लाखाने नेमली तर वर्षाला तीन कोटी साठ लाख. त्या सगळ्या गाड्यांच्या किमतीत आठ वर्षं. राज्यात नऊ मध्यवर्ती कारागृहं आहेत. दर कारागृहाला दोन माणसं दिली तरी महिला कारागृह, निरीक्षणगृहं आणि मोठ्या शहरांतल्या कोठड्या यांना बारा उरतात. कमी आहेत, पण शून्यापेक्षा बारा खूप.

त्याऐवजी कॅमेरे लावतो, असं उत्तर येईल. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या पोलीस ठाण्यांत कॅमेरे लावायला सांगितले, ते हवेतच. यंत्र घेणं सोपं असतं, टेंडर निघतं, उद्घाटन होतं. पण चित्रण बघणारा खात्यातलाच असेल आणि ते हवं तेव्हा 'तांत्रिक बिघाडा'त जात असेल, तर कॅमेरा भिंतीवरच्या पालीएवढाच उपयोगी.

आणि सर्वांत मोठा आक्षेप, जो सभागृहात कुणी बोलणार नाही पण मतदारसंघात सगळे बोलतील: गुन्हेगारांवर कशाला पैसे घालवायचे? आपल्या तुरुंगांतली चारांपैकी तीन माणसं कच्ची कैदी आहेत, त्यांचा गुन्हा शाबित झालेला नाही. जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत बसलेला पोरगा, चोरीच्या संशयावरून आणलेली मोलकरीण, हे त्यांतलेच. शाबित झाला असता तरी न्यायाधीशाने सुनावली ती कैद, बाकी काही नाही. 'आत गेलास की कळेल' ही धमकी आपल्याकडे फौजदारही देतो, शेजारीही देतो, सिनेमात त्यावर हशा होतो. काय कळेल, हे सगळ्यांना माहीत आहे आणि ते चालवून घेतलं जातं. राज्य ज्याला चोवीस तास आपल्या कुलुपाखाली ठेवतं त्याच्या शरीराची जबाबदारी राज्याची, इतका हा सरळ हिशेब आहे.

तेव्हा मागणी अशी. 2056 खाली, आणि निरीक्षणगृहांसाठी 2235 खाली, 'ताब्यातील व्यक्तींवरील लैंगिक अत्याचार प्रतिबंध' या नावाची स्वतंत्र, दुसरीकडे वळवता न येणारी ओळ घाला. त्यातून नेमलेली माणसं गृहखात्याच्या हाताखाली ठेवू नका, उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली किंवा राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे द्या. त्यांना न कळवता कोणत्याही बराकीत जायचा, कुणाही बंदीशी एकांतात बोलायचा अधिकार असू द्या. नंगाझडती कधी, कुणी, कुणासमोर घेतली याची नोंद त्यांना बघता आली पाहिजे. तक्रारीचा फोन तुरुंगाबाहेर वाजला पाहिजे, आणि तक्रार करणाऱ्याची दुसरीकडे बदली त्याच्या इच्छेनेच व्हावी, शिक्षा म्हणून नाही. स्त्री, पुरुष, तृतीयपंथी असा भेद या कामात नको, कारण कायद्याने केलेला भेद भरून काढणं तूर्त एवढंच तुमच्या हातात आहे. वर्षातून एकदा निनावी सर्वेक्षण करा आणि आकडे, नावं गाळून, विधिमंडळापुढे ठेवा. पहिल्या वर्षी आकडे वाढलेले दिसतील. विरोधक आरडाओरडा करतील. तो सहन करा, कारण आकडा वाढला म्हणजे कुणीतरी बोलायला धजलं.

1894 च्या तुरुंग कायद्याच्या जागी आणायचा आदर्श कायदा केंद्राने 2023 मध्ये राज्यांकडे पाठवला आहे. नव्या कायद्याचे नियम लिहिताना ही माणसं त्यांत लिहून टाकता येतील. शीला बारसेंच्या पत्रावरचा आदेश चाळीस वर्षांहून जुना झाला, त्याला आता पगारपत्रक जोडा.

हे पत्र वाचणाऱ्यांनाही एक विनंती. आपल्या आमदाराला येत्या अधिवेशनात हा तारांकित प्रश्न विचारायला सांगा: 'राज्यातील कारागृहे, पोलीस कोठड्या व निरीक्षणगृहे यांतील लैंगिक अत्याचार रोखण्यासाठी चालू आर्थिक वर्षात किती रक्कम मंजूर करण्यात आली, किती खर्च झाली, आणि नसल्यास त्याची कारणे काय?' शेवटचे चार शब्द गाळू देऊ नका.

कळावे,

आपली,
मूळची पुण्याची एक वकील
नाकाहारा, कावासाकी, जपान